सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कॅन्सरपर्यंत: डॉ. कमल रणदिवे

आपल्या जालन्याची ओळख बियाण्यांची. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. संकरित वाण कसं तयार होतं, कोणता गुण पुढच्या पिढीत उतरतो, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आज मी सांगतेय ती गोष्ट अशाच अभ्यासातून कॅन्सर संशोधनात गेलेल्या बाईंची.

कमल समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. पोरीनं डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. तिनं मात्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ ला एम.एस्सी. केलं. विषय? सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! आजचं जीनोमिक्स याच वाटेनं पुढे गेलंय.

लग्नानंतर त्या मुंबईत, टाटा हॉस्पिटलमध्ये आल्या. डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मग अमेरिकेत, बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे. जगप्रसिद्ध 'हेला' पेशी १९५१ मध्ये याच गे यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या. शरीराबाहेर पेशी जगवण्याचं हे तंत्र शिकून बाई परत आल्या आणि मुंबईत भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली.

त्यांचा प्रश्न होता: स्तनाचा कॅन्सर नेमका कशानं होतो? उंदरांवर काम करताना त्यांनी आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू, तिन्हींचा एकमेकांशी संबंध तपासला. म्हणजे एकट्या रक्ताला दोष देऊन भागत नाही.

हे आज का सांगतेय? कारण आपल्याकडे बाईला गाठ आली की कुणी नशीब म्हणतं, कुणी तिच्या माहेरावर बोट ठेवतं. मग ती गाठ लपवते. बीआरसीए१ हे जनुक १९९४ मध्ये हाती लागलं, आता त्याची तपासणीही होते. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये थेट वारशानं आलेले साधारण ५ ते १० टक्केच. आणि वारसा असला तरी तो कुणाचा गुन्हा नाही.

१९७३ मध्ये बाईंनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना उभी केली, १९८२ ला पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या थेट अहमदनगरच्या अकोले तालुक्यात, आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करायला गेल्या.

घरात आई, मावशी, काकू असतील तर हा भाग त्यांना ऐकवा. गाठ हाताला लागली तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!