ब्रायटनची पंगत

एखाद्या गावाचा इतिहास लिहायचा तर अभ्यासक प्रथम सनदा, शिलालेख आणि जमिनीचे दप्तर पाहतात. पंगतीकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक कोण कोणाच्या पंक्तीला बसले, कोणाचे पान निराळे मांडले गेले आणि कोणाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागले, याची नोंद हाती आली तर त्या गावाची घडण जितकी स्पष्ट दिसते तितकी ती महसुलाच्या आकड्यांतून दिसत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लंडनपासून सुमारे पन्नास मैलांवर असलेल्या ब्रायटन या गावाची अशी नोंद बऱ्यापैकी उपलब्ध आहे, आणि तीत हिंदी माणसे तीन वेळा ठळकपणे भेटतात. म्हणूनच त्या दूरच्या गावातील खाण्यापिण्याविषयी येथे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ब्रायटन हे साधे मच्छीमारांचे गाव होते. आपल्या बांगड्याचा भाऊबंद असलेला मॅकरेल आणि हेरिंग या दोन माशांवर गाव जगे. १७५० च्या सुमारास शेजारच्या लुईस गावचे डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नान आणि समुद्राचे पाणी पिणे हे अनेक विकारांवर गुणकारी असल्याचे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला आणि लवकरच ते स्वतः ब्रायटनला येऊन राहिले. समुद्राचे पाणी पिऊन कोणाची प्रकृती सुधारली असेल याविषयी आम्हांस शंका आहे. गावाची मात्र सुधारली. १७८३ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, येथे प्रथम आला. त्याच्यामागून उमराव आले, उमरावांमागून त्यांचे सावकार आले. १८०१ च्या खानेसुमारीत सात हजारांच्या आसपास असलेली वस्ती १८४१ पर्यंत सेहेचाळीस हजारांवर गेली.

राजपुत्राने येथे बांधलेला रॉयल पॅव्हिलियन हा वाडा जॉन नॅश या वास्तुविशारदाने १८१५ ते १८२२ या काळात बाहेरून हिंदी घुमटांचा आणि आतून चिनी सजावटीचा करून टाकला. आपल्याला त्यातील मुदपाकखाना पाहायचा आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील वाचकांना राजवाड्याच्या मुदपाकखान्याची कल्पना असेल. आपल्याकडे तो दृष्टीआड असे. पाहुण्याने तेथे डोकावण्याचे कारणच नव्हते. ब्रायटनचा मुदपाकखाना मात्र दाखवण्यासाठीच बांधला होता. त्याचे लोखंडी खांब ताडाच्या झाडांसारखे घडवलेले आणि त्यांच्या माथ्यावर तांब्याची पाने. राजपुत्र पाहुण्यांना हौसेने तेथे घेऊन जाई. १८१६ मध्ये त्याने आंतोनॅं कारेम या त्या काळच्या सर्वांत नामांकित फ्रेंच आचाऱ्याला चाकरीस ठेवले. जानेवारी १८१७ मधील एका मेजवानीत कारेमने शंभराहून अधिक पदार्थ मांडल्याची पत्रिका प्रसिद्ध आहे. ती पत्रिका अर्थातच फ्रेंच भाषेत आहे. वर्ष-दीड वर्षातच कारेम कंटाळून निघून गेला, परंतु इंग्लंडातील प्रतिष्ठित भोजनाची भाषा फ्रेंच, ही रीत पुढे सबंध शतकभर टिकली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

याच सुमारास ब्रायटनला पहिला हिंदी माणूस भेटतो. शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्याचा. कंपनीच्या बंगाल फौजेत नोकरी करून ते १७८४ मध्ये आयर्लंडात कॉर्क येथे गेले, तेथील आयरिश स्त्रीशी त्यांनी विवाह केला आणि १७९४ मध्ये इंग्रजीत आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. १८१० मध्ये त्यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले. हिंदी पद्धतीचे पदार्थ, वेताच्या बैठकी आणि हुक्का असा तेथे सरंजाम होता. इंग्लंडात हिंदी माणसाने चालवलेले हे पहिले भोजनगृह. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले साहेब येथे येतील असा त्यांचा हिशेब होता. पण त्या साहेबांपैकी पुष्कळांच्या घरीच आपापले आचारी होते. १८१२ मध्ये महंमद यांचे दिवाळे निघाले. त्यानंतर ते ब्रायटनला आले आणि तेथे त्यांनी काय केले, तर औषधी वाफारा आणि चंपी! ‘शॅम्पू’ या शब्दाचे मूळ आपल्या चंपीतच आहे. किंग्ज रोडवरील त्यांच्या स्नानगृहाची इतकी कीर्ती झाली की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपले अंगमर्दक नेमले. ज्या समाजाने त्यांच्या हातचे अन्न चालू दिले नाही त्याने आपले दुखरे सांधे त्यांच्या हाती निःशंकपणे दिले. यात विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. पाठ चोळून घेताना चोळणाऱ्याला आपल्या टेबलावर बसवावे लागत नाही.

१८४१ च्या सप्टेंबरात लंडन–ब्रायटन रेल्वे सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत स्वस्त सहलीच्या गाड्या सुटू लागल्या. उमरावांच्या गावात गिरण्या-गोद्यांतले कामगार एका दिवसासाठी येऊ लागले. व्हिक्टोरिया राणीला हा गजबजाट मानवला नाही. १८५० मध्ये पॅव्हिलियन त्रेपन्न हजार पौंडांना गावालाच विकून टाकण्यात आले. आता खाण्याचे स्पष्ट थर पडले. किनाऱ्यावरच्या ग्रँड (१८६४) आणि मेट्रोपोल (१८९०) यांसारख्या हॉटेलांत फ्रेंच पत्रिका. समुद्रकाठच्या गाड्यांवर कालवे आणि शिंपल्या, उभ्याउभ्या. मधल्या लोकांची सोय वेगळीच होती आणि आम्हांस तीच सर्वांत मनोरंजक वाटते. कारकून-दुकानदार कुटुंबे आठवडाभरासाठी खोल्या घेत. बाजारातून मटण, भाजी, पाव स्वतः आणून घरमालकिणीच्या स्वाधीन करीत आणि ती ते शिजवून देई. मीठ-मिऱ्याच्या भांड्याचे पैसे निराळे लावण्यावरून या बायकांची यथेच्छ थट्टा होई. आपल्या क्षेत्राच्या गावी उपाध्यांच्या घरी शिधा देऊन रांधून घेण्याची रीत ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही व्यवस्था मुळीच परकी वाटणार नाही. बाहेर जेवणे आणि घरचे जेवणे यांमधला हा एक सोज्वळ मध्यमार्ग होता.

हॉटेलातल्या फ्रेंच पत्रिकेपाशी आपला दुसरा हिंदी माणूस बसलेला आहे. मोहनदास गांधी १८८८ च्या शरदात इंग्लंडला पोहोचले. बोटीवर त्यांनी भोजनगृहात पाऊलच टाकले नव्हते. सोबत नेलेल्या मिठाई-फळांवर ते खोलीत दिवस काढीत. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर गोव्याची माणसे वाढपी आणि आचारी म्हणून पिढ्यान् पिढ्या होती, हे आमच्या गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. पण कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्यही त्या वेळी गांधींजवळ नव्हते. आत्मकथेत ते सांगतात की इंग्लंडातल्या पहिल्याच वर्षी ते ब्रायटनला गेले असता हॉटेलात त्यांच्या पुढ्यात जी पत्रिका आली ती फ्रेंचमध्ये होती. ते अक्षरे लावीत बसले. त्याच टेबलावरच्या एका वृद्ध विधवेने त्यांची अडचण ओळखली, विचारपूस केली आणि पत्रिकेतील कोणता पदार्थ त्यांना चालेल हे समजावून दिले. पुढे लंडनमध्ये दर रविवारी ही बाई त्यांना जेवायला बोलावू लागली.

हा प्रसंग लहान आहे आणि चरित्रकार बहुधा तो त्यापुढच्या कबुलीसाठी सांगतात, कारण आपण विवाहित असल्याचे गांधींनी या बाईपासून लपवले होते व नंतर पत्र लिहून सांगितले. आम्ही मात्र पत्रिकेपाशीच थांबतो. कारेमने रुजवलेली ती भाषा बहुतेक इंग्रजांनाही धड येत नव्हती. ती येऊ नये हाच तिचा उपयोग होता. त्या कुंपणाची कडी एका सामान्य स्थितीतल्या बाईने आतून काढली. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, इकडे पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांसकट अनेकांवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा वाद पेटला. पंगतीचे कुंपण कोणा एका समाजाचे नसते, एवढे या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसते.

मधल्या काळात कामगारांनी आपला प्रश्न आपल्यापुरता सोडवला. तळलेला मासा ही पोर्तुगाल-स्पेनमधून आलेल्या ज्यू लोकांची देणगी. तिला १८६० च्या सुमारास बटाट्याच्या तळलेल्या कापांची जोड मिळाली आणि ‘फिश अँड चिप्स’ हे इंग्लंडचे जणू राष्ट्रीय अन्न झाले. वर्तमानपत्रात गुंडाळून, समुद्राकडे तोंड करून ते खाताना कोणाला पंक्ती-प्रपंचाचा प्रश्न पडत नसे. (शाकाहारी प्रवाशाने एवढे लक्षात ठेवावे की काही दुकानांत, विशेषतः उत्तरेकडे, हे काप गाईच्या चरबीत तळतात.)

१९१४ च्या डिसेंबरात ब्रायटनला हिंदी माणसे एकदम शेकड्यांनी आली. फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी पॅव्हिलियनचे रुग्णालय करण्यात आले. येथील व्यवस्था पाहून आजही चकित व्हायला होते. आवारात नऊ निरनिराळी स्वयंपाकघरे उभारली गेली, जेणेकरून प्रत्येकाला आपल्या धर्माच्या व जातीच्या माणसाच्या हातचे अन्न मिळावे. हिंदू व मुसलमान यांच्यासाठी पाण्याचे नळ वेगळे, मांसासाठी बकरी कापण्याची जागा व पद्धत वेगळी, फलक उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. आणि कारेमचा तो ताडांच्या खांबांचा मुदपाकखाना? त्याची शस्त्रक्रियेची खोली झाली. जेथे शंभर पदार्थ रांधले गेले तेथे पंजाब-गढवालच्या शेतकऱ्यांचे हातपाय कापले जाऊ लागले.

ही आस्था खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. तीत कित्येक डॉक्टरांचे आणि परिचारकांचे खरे कष्ट होते. परंतु ती निर्हेतुकही नव्हती. १८५७ ची काडतुसे सरकारच्या स्मरणात होती, आणि हिंदुस्थानात नवी भरती व्हावी म्हणून या रुग्णालयाच्या सचित्र पुस्तिका व चित्रे मुद्दाम प्रसृत केली जात होती. पॅव्हिलियनभोवती उंच कुंपण घातलेले होते. रुग्णांना टोळीटोळीने, देखरेखीखाली बाहेर नेत. गावातल्या जुन्या वर्कहाउसमध्ये थाटलेल्या किचनर रुग्णालयात तर याहून कडक शिस्त होती. तेथील प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी भिंतींवर काटेरी तारा लावून पहारे बसवले. हिंदी शिपाई गावातल्या गोऱ्या स्त्रियांच्या संगतीत दिसतील, ही धास्ती त्यामागे होती. हा निर्बंध केवळ रुग्णांपुरता नव्हता, तेथे काम करणाऱ्या हिंदी कर्मचाऱ्यांनाही होता. राजाच्या वाड्यात नऊ चुली पेटल्या होत्या. मात्र किनाऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जाऊन, पैसे मोजून, एक पेला चहा मनास येईल तेव्हा प्यावा, एवढी मोकळीक नव्हती. आमच्या सोवळ्याचा मान राखला गेला आणि त्याच सोवळ्याची भिंतही बांधली गेली.

या घुसमटीचा स्फोट ज्याच्या हातून झाला त्याचे आडनाव वाचून मराठी वाचक थबकल्याशिवाय राहत नाही. किचनर रुग्णालयातील सब-असिस्टंट सर्जन गोडबोले यांनी १९१५ मध्ये कर्नल सीटन यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. सीटन बचावले, गोडबोले यांना सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. बाहेर जाण्यावरील बंदी हेच त्यामागचे कारण मानले जाते. या कृत्याचे समर्थन आम्ही करीत नाही. तरीही असे वाटते की वैद्यक शिकलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या, जखमींच्या उशाशी रात्री काढणाऱ्या या माणसाला दहावी चूल नको होती. जे गाव त्याच्याकडून सेवा घेत होते त्या गावाच्या रस्त्याने त्याला इतर कोणाही डॉक्टरसारखे चालायचे होते. क्रांतिकारकांच्या आपल्या याद्यांत हे गोडबोले नाहीत आणि बहुधा असण्याचे कारणही नाही. पण परमुलखातील मराठी माणसाच्या इतिहासात त्यांना एक ओळ मिळायला हवी होती.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ मेसोपोटेमियाकडे गेले आणि ही रुग्णालये बंद झाली. ब्रायटनबाहेरच्या टेकडीवर ज्या त्रेपन्न हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले त्या जागी संगमरवरी छत्री उभी आहे. तिचे अनावरण फेब्रुवारी १९२१ मध्ये झाले.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९२६ मध्ये लंडनला ‘वीरास्वामी’ उघडले. दुसऱ्या महायुद्धानंतर सिल्हेटकडच्या माणसांनी, ज्यांतले कित्येक जहाजांवरचे खलाशी होते, गावोगावी हिंदी म्हणवली जाणारी उपाहारगृहे काढली, आणि आता ब्रायटनच काय, किनाऱ्यावरचे बहुधा कोणतेच गाव त्यांच्यावाचून नाही. भुना, दोपियाजा, जालफ्रेझी असे शब्द तेथील पत्रिकेत असतात आणि त्यांची अक्षरे लावीत बसण्याची पाळी साहेबांवर येते. ब्रायटनला १९९३ मध्ये ‘तेर आ तेर’ नावाचे शुद्ध शाकाहारी भोजनगृह सुरू झाले. नाव मात्र फ्रेंचच.

दीन महंमद १८५१ मध्ये ब्रायटनला वारले आणि तेथील सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या स्नानगृहाच्या जागी पुढे क्वीन्स हॉटेल झाले. ज्या धंद्यात त्यांचे दिवाळे निघाले त्या धंद्याच्या स्मरणार्थ लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर २००५ मध्ये एक हिरवी पाटी लावण्यात आली आहे.