व्यापाऱ्यांचा प्रश्न आणि पंडितांचे हस्तलिखित

गेल्या वर्षी उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील एक प्राध्यापिका धर्मगुरुनिवासात आल्या. वाणिज्य महाविद्यालयात त्या अध्यापन करतात. महाराष्ट्रात २०१६ पासून भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा नियम झाला. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पट्टीतून काय काय वजा होते, याचा त्यांनी दोन वर्षे खपून अभ्यास केला होता. त्यावरील शोधनिबंध त्यांना व्यापारनीतीला वाहिलेल्या एका परदेशी नियतकालिकाकडे पाठवायचा होता. त्यांची तक्रार मात्र भलतीच होती. "फादर, निबंधातून माझं नाव काढून टाका म्हणतात. कॉलेजचं नको, गावाचंही नको. मीच लिहायचं आणि मीच कुठे दिसायचं नाही?"

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला ऐकलेली काही नावे आठवली, जुनी टिपणे शोधून काढली, आणि पाहता पाहता आम्ही सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये जाऊन पोहोचलो.

व्यापारनीती हा विद्यापीठांनी अलीकडे शोधून काढलेला विषय आहे, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक हा विषय प्रथम पापनिवेदनाच्या आसनापाशी उभा राहिला. १५३२ साली अँटवर्प येथील स्पॅनिश व्यापाऱ्यांनी आपल्या धर्मगुरूला पॅरिस विद्यापीठाच्या पंडितांकडे धाडले. एका शहरात पैसे देऊन दुसऱ्या शहरात हुंडी वटवताना जो नफा सुटतो, तो घेणे धर्मसंमत आहे की ते व्याजाचेच पाप, एवढेच त्यांना विचारायचे होते. नफा तर हवा होता, पण आत्म्याचाही घोर होता. या दोहोंच्या ओढाताणीतून जे ग्रंथ जन्मले, त्यांपैकी एक आमच्या विशेष आवडीचा आहे.

तोमास दे मेर्कादो हे त्याचे लेखक. सेव्हिल शहरी जन्म, तरुणपणी मेक्सिकोस प्रयाण, तेथेच डॉमिनिकन संघात प्रवेश आणि पुढे पुन्हा स्पेनला परत. सेव्हिलमध्ये त्या काळी अमेरिकेतील चांदीची जहाजे लागत, आणि व्यापारी मंडळी महामंदिराच्या पायऱ्यांवर जमून सौदे करीत. उधारीचा भाव रोखीपेक्षा किती चढवावा, हुंडीवर किती सुटावे, मक्तेदारी कुठवर चालेल, असे प्रश्न घेऊन ही मंडळी धर्मगुरूंकडे येत. त्यांच्यासाठी मेर्कादोंनी ग्रंथ लिहिला. तो १५६९ साली सालामांका येथे छापला गेला आणि १५७१ साली सेव्हिलमध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेर्कादो लॅटिनचे जाणकार होते. तर्कशास्त्रावरील आपले ग्रंथ त्यांनी लॅटिनमध्येच लिहिले. हा ग्रंथ मात्र त्यांनी बाजारात बोलल्या जाणाऱ्या स्पॅनिश भाषेत लिहिला. प्रश्न जेथून आला तेथे उत्तर परत गेले पाहिजे, हा त्यामागचा सरळ हिशेब.

आता हस्तलिखिताच्या परीक्षेकडे वळू. कारण परीक्षा तेव्हाही होतीच, आणि ती आजच्यापेक्षा सौम्य नव्हती. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५४६ साली ठरवले की, धार्मिक विषयावरील कोणताही ग्रंथ लेखकाच्या नावाशिवाय व महागुरूंच्या तपासणीशिवाय छापू नये. निनावी लेखन म्हणजे संशयास्पद लेखन! कास्तिल्यच्या राजसत्तेने १५५८ साली यावर कडी केली. हस्तलिखित राजाच्या परिषदेकडे द्यायचे. लेखनिकाने त्याच्या पानापानावर सही करायची. छपाई झाल्यावर छापील प्रत त्या सह्यांच्या प्रतीशी ताडून पाहायची. मगच किंमत ठरून पुस्तक विक्रीस निघायचे. परवानगीविना छापणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. आपल्या फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, तेदेखील रीतसर परवानगीनंतरच. लेखकाचे नाव, परीक्षकाचे नाव, परवानगी देणाऱ्याचे नाव, सारे उघड.

अशा कडक पहाऱ्यातून मेर्कादोंच्या ग्रंथातील एक प्रकरण पार पडले, याचे आम्हांला आजही नवल वाटते. केप व्हर्देहून होणाऱ्या गुलामांच्या व्यापारावरचे ते प्रकरण. त्या काळच्या कायद्याने गुलाम बाळगण्याची काही कारणे मान्य केली होती, आणि मूळ गुलामगिरीच अन्याय्य आहे असे मेर्कादोंनीही म्हटले नाही. हे त्यांचे उणेपण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु पुस्तकी कायदा बाजूला ठेवून त्यांनी किनाऱ्यावर प्रत्यक्ष काय चालते ते मांडले. माणसे फसवून, पळवून, जुलमाने पकडली जातात; म्हणून या व्यापारात जो उतरतो तो पापात पडतो, असा निर्वाळा त्यांनी दिला. पुरावा म्हणून नुकतीच घडलेली घटना सांगितली. एका जहाजात ५०० माणसे कोंबली होती, आणि एकाच रात्रीत त्यांतील १२० जण मृत झाले. ते जहाज सेव्हिलच्या त्याच पायऱ्यांवर बसणाऱ्या दोघा व्यापाऱ्यांचे होते, हे सांगायलाही मेर्कादो कचरले नाहीत.

ग्रंथ परीक्षेस उतरला, लोकांनी वाचला, आणि गुलामांचा व्यापार पुढे जवळजवळ तीनशे वर्षे चालू राहिला. मेर्कादो मात्र १५७५ साली मेक्सिकोला परतत असता समुद्रावरच निवर्तले.

मधला काळ आम्ही झपाट्याने ओलांडतो. १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी विज्ञानविषयक नियतकालिक काढले, आणि विद्वानांच्या पत्रांना छापील घर मिळाले. लेख तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची प्रथा त्यानंतर हळूहळू रुळली. सर्वांना ती रुचली असे नव्हे. १९३६ साली एका अमेरिकन नियतकालिकाने आईनस्टाईन यांचा निबंध परीक्षकाकडे पाठवला, तेव्हा रागावून त्यांनी तो परत घेतला. मौज अशी की, परीक्षकाची शंका रास्त होती, आणि निबंधाचा निष्कर्ष पुढे बदलावा लागला.

व्यापारनीती विद्यापीठात स्थिरावली ती १९७०च्या दशकातील लाचखोरीच्या प्रकरणांनंतर. लॉकहीड या विमान कंपनीने परदेशांत दिलेल्या लाचेचा बोभाटा झाला आणि १९७७ साली अमेरिकेने त्याविरुद्ध कायदा केला. १९८२ साली अ‍ॅलेक्स मायकेलोस व डेबोरा पॉफ यांनी 'जर्नल ऑफ बिझनेस एथिक्स' सुरू केले. १९९१ साली 'बिझनेस एथिक्स क्वार्टर्ली' निघाले. पोप दुसरे जॉन पॉल यांचे 'सेंतेसिमुस आन्नुस' हे परिपत्रकही त्याच वर्षीचे, हे जाता जाता नमूद करतो.

या नियतकालिकांनी त्रेंतची रीत पार उलटी केली. परीक्षकाला लेखक ठाऊक नसावा, लेखकाला परीक्षक ठाऊक नसावा. म्हणून नाव, संस्था, ऋणनिर्देश हे सारे वेगळ्या पानावर. स्वतःच्या पूर्वीच्या लेखाचा उल्लेखही परक्याच्या लेखासारखा करायचा. पुढे सारांश, विषयदर्शक शब्द, पैसा कोणाकडून मिळाला आणि कोणाशी हितसंबंध आहेत याची कबुली, ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांची संमती. एकाच वेळी दोन ठिकाणी लेख पाठवायचा नाही. प्रथम संपादक पाहतो, आणि पुष्कळ हस्तलिखिते त्याच उंबरठ्यावरून परत फिरतात.

हे सारे वाचल्यावर आम्ही बाईंना पुन्हा बोलावून घेतले. "नाव काढलं म्हणजे तुमचं छोटं गावही निघालं," आम्ही म्हणालो. "आता हार्वर्डचे प्राध्यापक आणि तुम्ही परीक्षकासमोर सारख्याच." त्यांना ते पटले. आमच्या मनातील दुसरी खंत मात्र आम्ही बोलून दाखवली. हा निबंध इंग्रजीत, पंडितांच्या परिभाषेत छापला जाईल. ज्या आडत्याविषयी तो आहे तो कधीच वाचणार नाही. मेर्कादोंच्या हाती बाजाराकडे परत जाणारी वाट होती, ती येथे मध्येच तुटते. बाई काही बोलल्या नाहीत. निबंध गेला.

सहा महिन्यांनी दोन परीक्षकांची मते आली. पहिल्याने किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. दुसऱ्याने लिहिले होते की, शेतकऱ्यांचे म्हणणे सविस्तर आले आहे, पण आडते स्वतः या कपातीचे समर्थन कसे करतात? त्यांना लेखिकेने विचारले आहे काय? बाई चिडल्या, दोन दिवस धुसफुसल्या, मग आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "खरं सांगते फादर, नाही विचारलं. भीती वाटली."

दुरुस्त प्रतीसाठी संपादकांनी मुदत दिली आहे. सध्या त्या आठवड्यातून दोनदा पहाटे तीनच्या टेम्पोने शेतकऱ्यांबरोबर बाजारात जातात. प्रश्नांची यादी या खेपेस त्यांनी मराठीत केली आहे, आणि पहिल्या आडत्याने ती वाचून पाहण्यासाठी मागून घेतली आहे.