सोन्याचे निब : अंगचे सोने आणि मुलामा

उंची फाउंटनपेनांच्या विक्रीपत्रकांत निबाची दोन वर्णने शेजारी शेजारी आढळतात : ‘सॉलिड रोझ गोल्ड’ आणि ‘रोझ गोल्ड प्लेटेड’. दुसऱ्याचे मराठी सरळ आहे. त्यास आपण मुलामा म्हणतो. पहिल्याचे मराठी ‘भरीव गुलाबी सोने’ असे करण्याकडे सहज प्रवृत्ती होते. प्रस्तुत टिपणाचा विषय या ‘भरीव’ शब्दास हरकत घेणे हा आहे. हरकत केवळ व्याकरणाची नाही; या एका विशेषणाच्या आड धातूचा, कायद्याचा आणि सुवर्णकारांच्या उपजीविकेचा काही इतिहास आहे.

मराठीत ‘भरीव’ हा शब्द ‘पोकळ’ याच्या विरोधात उभा राहतो. पाटल्या भरीव असतात किंवा पोकळ असतात. निब म्हणजे मुळात पातळ पत्रा. त्याला पोकळी नाहीच, मग भरीवपणा कोठून येणार? इंग्रजी विशेषणाचा रोख आकाराकडे नसून धातूकडे आहे. पृष्ठभागावर जो धातू आहे तोच आतपर्यंत आहे, एवढेच त्यास सांगावयाचे असते. तो धातू शुद्ध आहे असे मात्र ते सांगत नाही.

आपल्या सराफी परिभाषेने हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. ‘कस’ हा शब्द घासणे या अर्थाच्या संस्कृत ‘कष्’ धातूपासून आला. कसोटीच्या दगडावरील रेघेवरून सोन्याचा दर्जा ठरतो. सोन्यात मिसळलेला हलका धातू ते ‘हीण’. ‘मुलामा’ मूळचा अरबी, आणि त्याच्या मुळाशी चकाकण्याचा अर्थ आहे. इंग्रजी ‘गिल्ट’वरून आलेले ‘गिलीट’ पुढे त्याच्या पंक्तीस बसले. वाक्प्रचारांतही हा भेद टिकून आहे. एखादा माणूस कसाला उतरत नाही, म्हणजे तो मूळचाच उणा. त्याचा मुलामा उडाला, म्हणजे आत निराळेच काही निघाले. घासणे, कापणे, तापविणे व ठोकणे अशा सोन्याच्या चार परीक्षा परंपरेने सांगितल्या आहेत. हलक्या घासण्याने कळतो तो वरच्या थराचा कस. मुलामा पकडावयाचा तर छेदच घ्यावा लागतो.

निबाला सोने लागले ते शोभेसाठी नव्हे. एकोणिसाव्या शतकातील शाई बव्हंशी माजूफळ आणि हिराकस यांपासून केलेली असे. (हिराकसातील ‘कस’ निराळा, त्याचे नाते ‘कासीस’ या शब्दाशी आहे.) ही आम्लधर्मी शाई पोलाद खाते, सोन्यास काही करीत नाही. परंतु शुद्ध सोने मऊ, त्याला लवचीक ताण नाही. म्हणून त्यात तांबे व चांदी मिसळून १४ किंवा १८ कॅरटचे मिश्रण करावे लागले, आणि टोकास इरिडियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कठीण धातूचा कण जोडावा लागला. १८ कॅरटात सोने ७५ टक्के, १४ कॅरटात सुमारे ५८.५ टक्के. तांबे वाढले की रंग तांबूस होतो. प्रचलित तांबड्या मिश्रणापैकी एकात १००० भागांत ७५० सोने, २०५ तांबे व ४५ चांदी असते. म्हणजे ज्यास गुलाबी सोने म्हणून मिरविले जाते, त्याचा गुलाबीपणा हा नेमका हिणाचा आहे. सोन्यावर तांबूस झाक दिसताच सराफ साशंक व्हावयाचा. लेखणीचा कारखानदार त्याच झाकेचे पैसे घेतो. मुलाम्याच्या निबात हा रंग पोलादावर चढविलेल्या अत्यंत पातळ थरात असतो. लिहिताना हातास जाणवणारा ताण पोलादाचाच राहतो.

सोन्याच्या कसाचा हा प्रश्न आपल्याकडे एकदा फार कठोरपणे विचारला गेला. चीनशी झालेल्या युद्धानंतर ९ जानेवारी १९६३ रोजी तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण नियम जाहीर केले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. नियम देशभर लागू असल्याने सोलापूरच्या सराफ बाजारातील कारागिरासही तो चुकला नाही. १४ कॅरटचे सोने कठीण. मऊ सोन्याला सरावलेल्या हातघडणीस ते नमत नसे. मंगळसूत्रासाठी असे हीणकस सोने घेण्यास गिऱ्हाईकही राजी नव्हते. देशभर असंख्य सुवर्णकार बेकार झाले, आत्महत्यांच्या वार्ता आल्या. १९६६ मध्ये १४ कॅरटची अट काढून टाकण्यात आली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला.

आता त्याच काळातील प्रतिष्ठितांच्या खिशाकडे पाहावे. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’चे निब १४ कॅरटचेच होते, आणि त्यास ‘सोन्याचे निब’ म्हणण्यात कोणास संकोच नव्हता. जे मिश्रण बोटात घालण्यास सोने नव्हते, ते बोटांत धरण्यास सोने होते! यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. दागिन्यात सोने ही ठेव असते, म्हणून तेथे कस पाहिला जातो; निबात ते काम करते, म्हणून तेथे हीणही आवश्यक ठरते. शिवाय या लेखणीचे निब टोपणाखालच्या आवरणात जवळजवळ पूर्ण झाकलेले असे, ही गोष्ट बोलकी आहे. दिसत नसलेल्या सोन्यास मुलामा कोण देईल?

दोन्ही गोष्टी एकत्रही नांदतात. माँ ब्लाँ कंपनीने २००९ मध्ये महात्मा गांधींच्या नावे, दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून, २४१ लेखण्या काढल्या. त्यांचे निब १८ कॅरट सोन्याचे आणि त्यावर ऱ्होडियमचा मुलामा. येथे मुलामा सोन्याचा नसून सोन्यावर आहे. ‘भरीव विरुद्ध मुलामा’ ही जोडी या निबापुढे निरुपयोगी ठरते.

ग्राहकाच्या दृष्टीने शब्दांस येथे विशेष महत्त्व आहे. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा घड्याळे, फाउंटनपेन आणि कुंदन, पोलकी, जडाव यांस त्यातून वगळण्यात आले. निब कापून पाहता येत नाही. कसोटीवर घासले तर त्याची लेखणी म्हणून किंमत उरत नाही. राहता राहिली त्यावरील अक्षरे. ‘५८५’ किंवा ‘७५०’ हे अंक धातूविषयी बोलतात, रंग कोठून आला याविषयी नाही. ‘१८ केजीपी’ यातील शेवटची दोन अक्षरे मुलाम्याची असतात, आणि घाईत वाचणारा पहिल्या दोन अंकांवरच थांबतो. ‘इरिडियम पॉइंट’ हे विधान तर केवळ टोकापुरते आहे. बाजारातील ‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ या नावातही वजनाचा शब्द असाच मुलाम्याच्या कामी लागला आहे.

‘सॉलिड’साठी ‘अंगचे’ हा शब्द योजावा, अशी आमची सूचना आहे. अंगचा गुण, अंगचे शहाणपण असे आपण म्हणतोच. त्यात बाहेरून चढविलेले नव्हे हा अर्थ आहे, आणि शुद्धतेचा दावा नाही. तो दावा कॅरटाच्या अंकाने निराळा करावा. मग ‘१४ कॅरट अंगच्या गुलाबी सोन्याचे निब’, ‘पोलादी निब, वर गुलाबी सोन्याचा मुलामा’ आणि ‘१८ कॅरट अंगच्या सोन्याचे निब, वर ऱ्होडियमचा मुलामा’ अशी तीन वर्णने एकमेकांत न मिसळता लिहिता येतात.