विनाचालक मोटारगाडी : सामाजिक परिणाम

कॅमेरे, रडार, लेसर-संवेदक आणि संगणकाच्या साहाय्याने माणसाशिवाय धावणारी गाडी. तिच्या बऱ्यावाईट परिणामांची खरी परीक्षा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोत झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने वेमो आणि क्रूझ या कंपन्यांना तेथे चोवीस तास विनाचालक टॅक्सीसेवेची मुभा दिली. अंधांच्या संघटनांनी या तंत्राचे स्वागत केले. अग्निशमन दलाने विरोध केला, कारण या गाड्या बंबांच्या वाटेत अडून बसत. आंदोलकांनी तर बॉनेटवर वाहतुकीचा शंकू ठेवला की गाडी जागीच थिजे.

२ ऑक्टोबर २०२३ रोजी दुसऱ्या गाडीने उडवलेली एक पादचारी महिला क्रूझच्या गाडीखाली आली. गाडी थांबली, मग कडेला जाण्यासाठी पुन्हा हलली आणि तिला सुमारे २० फूट फरफटत घेऊन गेली. माणूस खाली वाकून पाहतो. यंत्राने फक्त नियम पाळला. महिनाअखेरीपूर्वी क्रूझचा परवाना स्थगित झाला.

विनाचालक गाडी दारू पीत नाही, पेंगत नाही, हा तिचा मोठाच गुण. जखमी करणारे अपघात माणसांपेक्षा कमी होतात, असे वेमोची आकडेवारी सांगते. पण बरेचसे विश्लेषण कंपनीचेच, म्हणजे परीक्षार्थ्यानेच पेपर तपासल्यासारखे. दायित्वाचा प्रश्नही अवघड आहे. ॲरिझोनातील टेंपी येथे २०१८ मध्ये उबरच्या चाचणी-गाडीने पादचारी महिलेचा बळी घेतला. फौजदारी खटला मात्र देखरेखीला बसलेल्या कर्मचारी महिलेवर चालला, कंपनीवर नाही.

भारतात रस्ते वाहतूक मंत्री म्हणून नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देत अशा गाड्यांना वारंवार विरोध केला आहे.