दोरा आधी तुटावा

दोन वर्षांपूर्वी आजीच्या गोधडीचे टाके उसवले, म्हणून मी पॉलिस्टरच्या दोऱ्याचं रीळ आणलं. दुकानातच ओढून पाहिलं. तुटेना, उलट बोटच कापायची वेळ आली. म्हटलं, हाच घ्यायचा. व्हिडिओ बघत बघत धावदोरा घातला. चार-पाच धुण्यांनंतर दोरा जसाच्या तसा होता आणि त्याच्या कडेकडेने लुगडं फाटलं होतं.

आजीने भोकं चाचपून पाहिली. "दोरा तुटला तर परत घालता येतो रे. हे लुगडं कुठून आणशील?"

इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवलेल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं. फ्यूजची तार वितळावी म्हणूनच तर बसवतात! गोधडीतलं कापड वापरून वापरून विरलेलं असतं. ताण आला की माघार दोऱ्याने घ्यायची.

पॉलिस्टर माघार घेत नाही. त्याचा धागा व्हिनफिल्ड आणि डिक्सन या इंग्लंडमधल्या रसायनतज्ज्ञांनी १९४१ साली शोधला, म्हणजे गोधडीच्या मानाने कालच. कारखान्यातल्या सुती शिवणदोऱ्याचं वयही फार नाही. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटनच्या व्यापाराची नाकेबंदी केली आणि स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात मागांना लागणारा रेशमी दोरा मिळेनासा झाला. तिथल्या क्लार्क बंधूंनी सूत पिळून तसाच गुळगुळीत दोरा केला. तो शिवणीलाही चालतो हे लक्षात आल्यावर १८१२च्या सुमारास त्याचा कारखाना निघाला.

पण गोधडीवाल्या बायका कारखान्यावर अडून नव्हत्या. बंगालात कांथा शिवताना जुन्या साडीच्या रंगीत काठातून एकेक धागा ओढून काढत आणि तोच सुईत ओवत. कापड आणि दोरा एकाच वयाचे, एकाच धुण्यातून गेलेले. यापेक्षा चांगली जोडी कुठली मिळणार?

अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मंदीत पिठाच्या सुती पोत्यांच्या रजया झाल्या. पोत्याचं तोंड शिवलेला दोराही बायका उसवून गुंडाळून ठेवत. जाड रजईत धावदोरा घालणं जिकिरीचं, म्हणून ठरावीक अंतरावर एकेक टाका घेऊन वर गाठ मारायची. इथे दोऱ्याची परीक्षा वेगळी. गुळगुळीत धाग्याची गाठ सुटते. लोकर मात्र धुतल्यावर तंतूत तंतू अडकून आवळत जाते, म्हणून रजई बांधायला लोकरीचा धागाही वापरत. मला हा भाग फार आवडतो: जे धुणं कापडाला झिजवतं, तेच गाठ घट्ट करतं.

यंदा आम्ही पॉलिस्टर उसवून काढलं. मी हौसेने लुगड्याच्या काठातून धागे ओढायला गेलो, पण ते वीतभरातच तुटत होते. शेवटी बाजारातून साधा, सैल पिळाचा सुती दोरा आणला. आजीला आता सुईचं नाकं दिसत नाही, म्हणून मी दोरा ओवून देतो आणि टाके ती घालते.

मागच्या आठवड्यात पायथ्याशी दोन टाके तुटले. कापड शाबूत आहे.