नभोवाणीवरील एका धर्मसंघाचा उदय व विघटन

धर्मसंघाचे फुटणे हे बहुधा मतभेदाचे फळ मानले जाते. हर्बर्ट डब्ल्यू. आर्मस्ट्राँग (१८९२–१९८६) यांच्या अमेरिकन संघापुरते तरी हे उत्तर अपुरे आहे. त्याच्या विघटनाची बीजे त्याच्या उभारणीच्या साधनातच होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आर्मस्ट्राँग मूळचे जाहिरात-व्यवसायातील. जानेवारी १९३४ मध्ये ओरेगनमधील यूजीन येथून त्यांची नियमित नभोभाषणे सुरू झाली. पुढच्याच महिन्यात 'प्लेन ट्रूथ' हे चक्रमुद्रित नियतकालिक निघाले. शनिवारचा शब्बाथ, जुन्या करारातील सण, त्रैक्याचा अस्वीकार, ब्रिटिश व अमेरिकन लोक इस्राएलच्या हरवलेल्या वंशांचे वारस होत हा सिद्धान्त, यांपैकी एकही मत त्यांनी प्रथम मांडलेले नव्हते. नवे होते ते साधन. श्रोता घरी बसून ऐके, पत्र धाडी, पुस्तिका विनामूल्य मागवी. स्थानिक मंडळीशी त्याचा संबंध आलाच तर फार उशिरा येई. त्याची निष्ठा जडली ती एका आवाजावर. १९६८ पर्यंत संघाचे नावही 'रेडिओ चर्च ऑफ गॉड' असेच होते. पुढे ते 'वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड' झाले.

सभासद उत्पन्नाचा दशांश संघास देत, दुसरा सणांसाठी राखून ठेवीत, व दर तिसऱ्या वर्षी तिसराही काढीत. हा भार त्यांनी सोसला तो युगान्त समीप आहे या श्रद्धेने. १९५६ च्या एका पुस्तिकेच्या शीर्षकातच १९७५ हे साल होते! ते साल गेले, संघ टिकला. परंतु १९७८ मध्ये संस्थापकाने आपला पुत्र गार्नर टेड, म्हणजे संघाचा सर्वांत लोकप्रिय आवाज, बहिष्कृत केला. त्याने टेक्सासमध्ये वेगळा संघ काढला.

खरा भंग १९८६ नंतरचा. उत्तराधिकारी जोसेफ टकॅच यांनी संस्थापकाची मते एकेक करून तपासली आणि डिसेंबर १९९४ मध्ये शब्बाथ बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. प्रामाणिक आत्मपरीक्षण म्हणून त्याचे मोल नाकारता येणार नाही. तथापि तेही वरूनच आले, मंडळ्यांना न विचारता. जेराल्ड फ्लरी यांचा 'फिलाडेल्फिया' संघ १९८९ मध्येच निघाला होता. १९९५ मध्ये 'युनायटेड चर्च ऑफ गॉड' फुटून निघाला. मूळ संघाने २००९ मध्ये 'ग्रेस कम्युनियन इंटरनॅशनल' हे नाव घेतले.

वारसा कोणाचा, हा वाद अखेर न्यायालयात गेला. आर्मस्ट्राँग यांचा 'मिस्टरी ऑफ द एजेस' हा ग्रंथ मूळ संघाने वितरणातून काढला होता. फ्लरींच्या अनुयायांनी तो १९९७ मध्ये छापला. २००० मध्ये अपील-न्यायालयाचा निर्णय मूळ संघाच्या बाजूने लागला. तरीही २००३ मध्ये तडजोड होऊन त्या ग्रंथासह संस्थापकाच्या लेखनाचे स्वामित्वहक्क विरोधकांनी ३० लक्ष डॉलरांस विकत घेतले.