टॉनिकची बाटली

"अगं, ती दारू नव्हे, टॉनिक आहे!" बस्तीच्या ओट्यावर बसून हे वाक्य मी कैक वेळा ऐकलंय. बाळंतीण अशक्त असते, कुणीतरी बाटली आणून देतं, बाटलीवर 'शक्तिवर्धक' छापलेलं असतं. छापलंय म्हणजे खरंच असणार, नाही का?

ही भुरळ जुनी आहे. इंग्लंडातल्या नॉर्विचच्या कोलमन कंपनीने १८८०च्या दशकात मांसाचा अर्क आणि माल्ट घातलेली वाईन बाजारात आणली. पुढे तिचं नाव पडलं विनकार्निस. 'विन' म्हणजे वाईन आणि 'कार्निस' हा मांसाचा लॅटिन शब्द. आपल्या मूलगुणांत मद्य, मांस, मधु यांचा त्याग सांगितलाय. इथे तिघांतले दोन एकाच बाटलीत, तेही नावासकट! (आता तिच्यात मांस नसतं.) अशक्तपणा, झोप न येणं, रक्त कमी असणं, सगळ्यावर ती गुणकारी, हजारो डॉक्टरांची शिफारस, अशा जाहिराती असत. अशा औषधी वाईनींत अल्कोहोल मात्र बहुधा पोर्ट वाईनच्या तोडीचं असे. दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेल्या बायकाही ती औषध म्हणून घेत. त्यांना दोष कसा द्यावा? बाटलीवर कुठे लिहिलं होतं?

हेच ब्रिटिश संसदेच्या समितीला खटकलं. औषधी वाईनच्या लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण छापलंच पाहिजे, असं तिने सुचवलं. अहवालाची तारीख ४ ऑगस्ट १९१४. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं आणि अहवाल पडून राहिला. एक ओळ छापायची, तीही राहिली.

यानंतरचा मोठा निवाडा युरोपातला, पण पुष्कळ उशिराचा. १.२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर आरोग्याचा दावा करायचा नाही, असा तिथे २००६ चा कायदा आहे. जर्मनीतल्या एका द्राक्षबागायतदार संघाने आम्ल कमी केलेल्या वाईनवर 'पचायला हलकी' अशा अर्थाचा शब्द छापला. २०१२ साली युरोपीय न्यायालय म्हणालं, आम्लाची गोष्ट खरी असेलही, पण दारूचा धोका तसाच राहतो आणि त्याबद्दल तुम्ही गप्प आहात. आपल्याकडे याला एकान्तवाद म्हणतात. एकच बाजू धरायची न् तीच पूर्ण सत्य म्हणून सांगायची.

भारतात २०१८ चे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. मद्याच्या लेबलवर आता आरोग्याचा दावाही नको आणि पोषणाची माहितीही नको; उलट, मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, हा इशारा हवा.

परवा जाऊबाई द्राक्षासवाची बाटली घेऊन आल्या. "हे तर आयुर्वेदिक, हे चालतं ना?" मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचून दाखवली: स्वयंनिर्मित अल्कोहोल, पुढे टक्के. आंबवल्याशिवाय आसव होतच नाही. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग बाटली पदराखाली घेऊन वैद्यांना विचारायला गेल्या.